मोहाच्या झाडाखालची पाळत

करोनाच्या टाळेबंदीतली ती घटना आठवली की आजही आधी राग येतो, मग हसू येतं. तेव्हा मी पोंभुर्ण्याकडच्या जंगलपट्टीत ठाणेदार होतो. एका गावाने रस्त्यावर लाकडं आडवी टाकून स्वतःला बंद करून घेतलं होतं. बाहेरून आलेल्याला जो घरात घेईल, त्याचं पाणी तोडायचं असंही ठरलं होतं.

तिथल्या पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, तेलंगणात मिरची तोडाले गेलेला एक पोट्टा चोरून वापस आला म्हन्तेत. त्याले उचला, नाई त गाव मरन."

त्याच्या घरी गेलो, तर म्हातारी आई एकटीच. मनगट मोडलेलं, हात गळ्यात बांधलेला. खोदून खोदून विचारलं, पण "तो तिकडंच अडकून राह्यला, साहेब," यापलीकडे एक शब्द नाही. खोटं बोलणारी माणसं सहसा जास्त बोलतात. ही बाई मात्र पक्की निघाली. पण अंगणात मोहफुलं वाळत होती, ताजी आणि भरपूर. हिची फुलं कोण वेचतं, असं शेजारणीला विचारताच ती चिडली. "दुसऱ्याच्या झाडाखालची फुलं आमी नाई वेचत, साहेब!"

म्हणजे वेचणारा घरचाच होता. मोहफुलं गळतात पहाटे, मग काय, पहाटेच म्हातारीच्या झाडाजवळ पाळत लावली. टोपली घेऊन तो आला. आम्हाला पाहून पळाला नाही, उलट ओरडला, "जवळ येऊ नका साहेब! मी बाहेरून आलो." तो जंगलात मांडव घालून एकटा राहत होता आणि भरलेली टोपली आईच्या कुंपणाशी ठेवून परतत होता.

"मले न्या," तो म्हणाला, "पन गावाले सांगू नका. मायचं पानी बंद करतीन."

हवालदार बेड्या काढू लागला, त्याला मी थांबवलं. आदेशभंगाचा गुन्हा बनत होता, हे खरं. पण आदेश ज्यासाठी होता, ते अंतर हा माणूस आमच्यापेक्षा नेटाने पाळत होता. आरोग्य पथकाकडून त्याची तपासणी करून घेतली आणि त्याला मांडवातच राहू दिलं. मग जीपवरच्या भोंग्यातून गावाला बजावलं, "बाहेरून आल्याचं जो स्वतःहून सांगेल त्याला हात लावणार नाही. म्हातारीचं पाणी तोडाल, तर मात्र सोडणार नाही."

दुसऱ्या सकाळी लाकडांपलीकडे घराघरांत लपवलेली माणसं अंतर ठेवून उभी होती. सगळ्यांत शेवटी पोलीस पाटील आला. मागे त्याची मुलगी, तोंडाला ओढणी बांधलेली.

"माही पोरगी बी मिरचीवरून आली, साहेब. मीच लपवली होती."

मुलीला मी तपासणीला पाठवलं, त्याला हात लावला नाही. धाक दाखवून मी पुष्कळांना बोलतं केलं आहे आणि त्याची मला लाज नाही. पण रोगराईत धाक दाखवला की लोक आजार घरात दडवतात आणि पोलिसांना शेजाऱ्याचं दार दाखवतात.