फाटकाबाहेरची पेटी

नात दिल्लीला एका कचेरीत चार महिने काम शिकायला गेली होती. दिवसा कचेरी, संध्याकाळी कॉलेजचा वर्ग. त्या वर्गाचा एक मोठा निबंध होता. आपल्या भागातला माणूस दिल्लीला काही मागायला गेला, तर त्याच्या मागणीचं काय झालं ते लिहायचं. तिला माणूस हुडकावा लागला नाही. शाळेतल्या पोरांना खाऊत बेदाणा द्या म्हणून आम्ही तासगावकडचे सात द्राक्षबागायतदार बऱ्याच वर्षांमागं दिल्लीला गेलो होतो. मी साहेबाला कसं सुनावलं, हे तिनं लहानपणापासून माझ्याच तोंडून ऐकलेलं.

दुपारी एकला तिचा फोन आला.

"आबा, सरांना निबंध लय आवडलाय. फकस्त तुमच्या हातचा कागद पायजे. साहेबाला भेटून काय बोललो ते, आन् खाली सही. पाचच्या आत फोटो पाठवा. न्हाईतर निबंध धरत न्हाईत, चार महिनं पाण्यात."

सुनेनं वहीचं पान फाडून पुढ्यात ठेवलं. "आवं, दोन वळी तर हायत. चौथी शिकलाय न्हवं?"

"शिकलोय. तू जा तुझ्या कामाला."

पेन धरलं आणि परत खाली ठेवलं. कारण साहेबाचं तोंडही मी बघितलं नव्हतं.

मी नमुन्याला बेदाण्याची पाच किलोची पेटी नेली होती. सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात, व्यापारी मूठ भरून माल बघतो, तसा साहेब बघंल असं मला वाटलं. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "पेटी बाहर." बाकीचे म्हणाले, "ठेव की गड्या हितं." पण सौद्यात मी कधी उघड्या पेटीपासून हललो नाही. म्हटलं, माल टाकून मी आत जात नसतो. ते सहा जण गेले. मी पेटीवर हात ठेवून तीन तास फुटपाथवर बसलो. परत आल्यावर गावात मात्र हार सातही गळ्यांत पडले. तेव्हा खरं सांगितलं नाही, पुढं साहेबाला सुनावल्याचं सांगत सुटलो. त्या सहातला आता एकही जिवंत नाही. मला खोटं पाडणार कोण?

तीनला फोन आला, मी उचलला नाही. चारला परत आला.

"आबा, लिवलं का?"

"पोरी, मी आत गेलो न्हवतो."

"चेष्टा नको आता."

"चेष्टा न्हाई." पेटीचं सगळं सांगितलं.

"आख्खा निबंध तुमच्यावर उभा हाय, आबा! तासाभरात काय करू मी?" फोन बंद.

सून दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

पंधरा मिनिटांनी परत नातीचा फोन आला. आवाज बसलेला. "शिपाई काय म्हणला? किती वेळ बसला? सगळं सांगा, भराभर. निबंध नव्यानं लिवते."

मी सांगत गेलो. पलीकडं टाईप केल्याचा आवाज.

"पेटीचं काय केलं?"

"मूठभर बेदाणा शिपायाला दिला. कशाला आलाय म्हणून त्यानं इचारलं. दिल्लीत मला तेवढं त्या एकट्यानंच इचारलं."

"थांबा. ह्ये परत सांगा."

पाचला दहा कमी असताना मी पानावर लिहिलं, मी आत गेलो नाही, पेटीपाशी बसलो होतो. खाली सही केली.

"अक्षर लय वाकडं आलंय," सून म्हणाली. "दुसरं पान देऊ?"

"नको. काढ फोटो."

पाच वाजता नातीचा निरोप आला, एकच शब्द. पोचलं.