बुनलाईची अंगठी

थायलंडच्या उदोन शहरात, बाजारात कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून विकणारी बुनलाई मोठी हट्टी बाई. सत्त्याण्णव साली तिथलं चलन, बाट, कोसळलं, देशाच्या तिजोरीतले डॉलर आटले, आणि पुढे तिजोरीसाठी देवळात सोनं गोळा होऊ लागलं. बुनलाईनं दिवंगत नवऱ्यानं दिलेली अंगठी द्यायचं ठरवलं.

रिक्षावाला खामसिंग हसला. "मावशी, सिंगापूर केवढंसं! तरी आपल्या दुपटीहून जास्त डॉलर बाळगून आहे. जपानचं तर विचारूच नकोस. तुझ्या गुंजभर सोन्यानं काय होणार?"

"शेजारणीची कणगी भरलीय म्हणून मी माझ्या मडक्यात तांदूळ टाकायचेच नाहीत होय रे?"

पण अंगठी निघेना. बोट जाड झालं होतं. साबण झाला, तेल झालं. देवळातले भिक्खू म्हणाले, "राहू द्या, आई. तुमची भावना पोचली."

"भावनेचे डॉलर कोण देतं, भंतेजी?"

शेवटी खामसिंगच कुरकुरत तिला सोनाराकडे घेऊन गेला. कातरी लागताच तिनं डोळे गच्च मिटले.

"दुखलं का गं?"

"नाही रे. ह्यांना सांगत होते, रागावू नका म्हणून."

खामसिंगनं भाडं घेतलं नाही. देवळात परत आल्यावर तिनं कापलेली अंगठी परातीत ठेवली. बोटावरच्या गोऱ्या वळाबद्दल गिऱ्हाइकांनी विचारलं की ती ऐटीत सांगायची, "माझं सोनं सरकारी तिजोरीत राहायला गेलंय!"