आईची गोधडी आणि कुत्रीची खाज

आई गेल्यावर तिचं अंथरूण देऊन टाकायचं ठरलं, तेव्हा आमची कुत्री तिच्या गोधडीवर जाऊन बसली. हाकललं तरी उठेना. काकी म्हणाली, "राहू दे गो. एवढे केस लागल्यावर आता ही कोण नेणार?" त्या दिवसांत घरात पहिल्यांदाच सगळे हसले. लांज्याजवळच्या गावातलं घर बंद केलं आणि गोधडी, कुत्री दोन्ही घेऊन मी रत्नागिरीच्या भाड्याच्या खोलीत परतले.

आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. परीक्षेच्या दिवसांत आई हीच गोधडी पायांवर घेऊन माझ्या शेजारी बसून राहायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण पान उलटलं नाही की लगेच विचारायची, "काय गो, अडलं काय?"

पावसाळा सरता सरता कुत्री खाजवू लागली. पोट लाल झालं, काखेतले केस गेले. शेजारणीने करंजाचं तेल सुचवलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नको, ती चाटेल." त्यांनी औषध दिलं, बिस्किटं बंद केली, बिनमसाल्याचा मासे-भात चालू केला. थोडा उतार पडला. तरी रोज सकाळी पोट पुन्हा लाल.

पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोपते कशावर?"

"आईच्या गोधडीवर."

"ती धुतली कधी?"

मी कुत्रीचा पट्टा उगाच सारखा केला.

"धुळीतले बारीक किडे असतात त्यात. कढत पाण्यात धुवा, नाहीतर टाकून द्या."

त्या गोधडीला आईचा वास होता. खोबरेल, चुलीचा धूर आणि थोडा बाम. कुत्री त्यात नाक खुपसून झोपायची. ऑफिसातून आल्यावर दार लावून मीही तेच करायचे.

रविवारी गोधडी आणि कुत्री घेऊन गावी गेले. काकीने तिच्या अंगणातल्या चुलीवर हंडा चढवला.

"एवढी शिकलीस, नि गोधडी भिजवायला घाबरतेस?"

"वास जाईल, काकी."

ती लाकडं आत सारत राहिली. मग म्हणाली, "तुझी आई दर मे महिन्यात उकळायची ही. ह्या खेपेस राहून गेलं तिचं."

मी गोधडी हंड्यात सोडली. मग परसातल्या तापलेल्या कातळावर पसरली. कुत्री दिवसभर तिच्याकडे तोंड करून सावलीत बसली होती. संध्याकाळी गोधडी उचलली तेव्हा तिला फक्त उन्हाचा वास होता. कुत्रीने कोपरान् कोपरा हुंगला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगला.

आता तिच्या पोटावर मऊ केस आलेत. गोधडीवरच झोपते, पण नाक माझ्या पावलांवर टेकवून. खाजवण्याचा आवाज येत नाही. ती झोपली की मी गोधडीचा काठ हळूच ओढून घेते. आईने जिथे टाके दाट घातलेत, तिथे नाक लावून बघते.