नारळाला पट्टा

डिचोलीतल्या एका खाणीच्या वजनकाट्यावर माझी बावीस वर्षे गेली. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी. अंदाजाने बोलायची सवय नाही.

जावयाने नवी गाडी घेतली तेव्हा नात दीड वर्षाची होती, वजन अकरा किलो. मी गाडीत बांधायची लहान मुलांची खुर्ची घेऊन शिरगावला लेकीकडे गेलो आणि कागदावर गणित मांडले. ताशी पन्नासने जाणारी गाडी सेकंदाला चौदा मीटर कापते. ती आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर अकरा किलोचे मूल धरून ठेवायला दीडशे किलोचा जोर लागतो. तांदळाची तीन पोती.

विहीणबाई हसल्या. "व्याह्यांनू, पोरग्याक काट्यार चढवक ता काय ट्रक? आवयची मांडी आसताना खुर्ची कित्याक?"

"बाबा, मी हळूच चालवतंय," जावई म्हणाला. खुर्ची मात्र मागच्या सीटवर बसवली. माझा मान म्हणून.

मग देवळात गाडीची पूजा झाली. पुजाऱ्याने गाऱ्हाणे घातले, गाडीवर येणारे विघ्न दूर कर म्हणाला. सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटले, मीही म्हटले. देवापुढचा नारळ मिळाला. तो आमच्या धारगळच्या घरच्या देवांपुढे ठेवायचा होता, आणि वाटेत जमिनीला लागता कामा नये.

धारगळला निघायला गाडीत बसायला गेलो तर विहीणबाई त्या खुर्चीत नारळ ठेवून पट्टा आवळत होत्या. नात पुढे लेकीच्या मांडीवर.

मी म्हटले, "नारळ तुम्ही हातात घ्या, पोरीला इथे बसवू."

"आनि ब्रेक मारल्यार हातातसून सुटलो तर?"

"मग पोर?"

"पोराक आवय धरता!"

लेकीने मागे वळून पाहिले. 'बाबा, आज नको,' असे ते पाहणे. सासरचा शुभ दिवस होता. मी माझा पट्टा लावला. एवढे कळत असूनही गप्प बसलो, हे लिहून ठेवतो.

धारगळात शिरताना पुढचा पिकअप रस्त्याकडेच्या कलिंगडांसाठी एकदम थांबला. जावयाने ब्रेक दाबला, तरी आपटलो. आपटताना वेग वीसच्या आसपास असेल. बंपर चेपला, काच शाबूत. लेकीचे हात होते तिथेच राहिले, नात त्यांतून पुढे गेली. कपाळावर चार टाके पडले.

दवाखान्याबाहेर विहीणबाई रडत हात जोडून उभ्या होत्या. "चार टाक्यांर भागला. नारळ जाग्यावयलो हलाक नाय, बघलास? देवान राखल्यान."

वीसला चार टाके. पन्नासला गाडीतली ऊर्जा सहापट होते. हे मी घरी कागदावर मांडले, पण कुणाला दाखवले नाही.

पुढच्या रविवारी ते आमच्याकडे आले. लेक पुढे, कपाळाला पट्टी लावलेली नात तिच्या मांडीवर. नारळ आमच्या देवांपुढे ठेवलाच नव्हता. तो आता राखणदार म्हणून कायमचा गाडीत होता, लाल कापडात गुंडाळून त्या खुर्चीत बसवलेला. लेकीला एकटीला गाठून मी पुन्हा विषय काढला. ती म्हणाली, "बाबा, आता तो उचलला आणि काही झालं, तर मला काय म्हणतील?"

ते निघताना मी गाडीचे मागचे दार उघडून खुर्चीचा पट्टा ओढून पाहिला. घट्ट होता.