मोजणीदार भाऊंचा वळसा

आमच्या शेजारच्या मोजणीदार भाऊंइतका सरळ रस्त्याचा वैरी बल्लारपुरात दुसरा झाला नाही, आणि झाला असेलच तर तो अजून घरी पोचलेला नसावा. परवा तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. बोटीच्या कठड्याला टेकून तुम्ही दोघं उभे आहात आणि मागे बेटं, पांढरं दीपगृह, टेकडीवर कुणा राजाचा किल्ला. तो पाहून मला समुद्र आठवला नाही, भाऊ आठवले. कारण ही तिन्ही स्थळं मी वर्धा नदीत बसून पाहिली आहेत, तीही ऐंशीनंतरच्या त्या चार-पाच वर्षांत, जवळजवळ दर महिन्याला, आणि एकदाही वेळेवर न पोचता.

भाऊंनी सगळी नोकरी जमिनीची मोजणी करण्यात घालवली होती. खांद्यावर साखळी, हातात झेंड्या, आणि दोन भावांच्या भांडणाच्या मधोमध सरळ रेघ. निवृत्त झाल्यावर या माणसाने सरळ रेघेशी कायमची कट्टी घेतली. समोरच्या दुकानात मीठ आणायला निघाले तर बाजाराला प्रदक्षिणा घालून यायचे. एकदा माझ्याकडे साखर मागायला मागच्या गल्लीतून आले, तोवर त्यांच्या चुलीवरचा चहा आटून गेला होता. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी. भिंतीवर घरातल्या कामांचं वेळापत्रक लावणारी आणि पाळणारी. मी बोलले की ते शांतपणे म्हणायचे, "मॅडमबाई, जिंदगीभर सरळ रेघा मारल्या. एकही घर त्यानं जवळ आलं नाई."

अशा माणसाबरोबर मी नदीत का जायची, तर बसमध्ये मला उलटी व्हायची. माझी थोरली बहीण पलीकडच्या काठावरच्या गावी राहायची. पुलावरून बस होती, पण तिचं नाव काढलं तरी माझ्या पोटात ढवळायचं. भाऊंनी एक जुना डोंगा घेतला होता, एकाच झाडाच्या खोडातून कोरलेला, अर्धा काळा, अर्धा थिगळांचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मला पलीकडे सोडायला आनंदाने तयार असायचे. पलीकडे म्हणजे कुठे, एवढंच त्यांचं आणि माझं जुळत नसे.

आधी ते डोंगा किल्ल्याखाली नेत. गोंड राजांच्या त्या भिंतीतून झाडं उगवली होती, आणि नदीकडे उघडणाऱ्या दारात माकडं दरबार भरवून बसलेली. प्रत्येक वेळी भाऊ बांबू पाण्यात रोवून थांबत आणि नवी पाहुणी असल्यासारखा मला किल्ला दाखवत. मग बेटं. पूर ओसरला की वाळूची बेटं वर यायची, दर वर्षी नवी, आणि त्यांच्यावर टरबुजाच्या वाड्या लागायच्या. ही बेटं कुठल्याच नकाशात नसत, म्हणून भाऊंचा त्यांच्यावर फार जीव. त्यांना ते नावं ठेवत. एकाचं नाव त्यांनी साहेब ठेवलं होतं, कारण ते दर वर्षी बदलून यायचं. एवढ्यात बहिणीचा घाट मागे पडलेला असायचा. "भाऊ, ताई जेवायची थांबली असेल हो," मी म्हणायची. "घाट काय पळून चालला का?" ते म्हणायचे, आणि डोंगा खाली, आणखी खाली, शेवटच्या बेटाकडे जायचा.

त्या बेटावर आम्ही उतरायचो. भाऊ चिवड्याचा डबा उघडायचे आणि समोरच्या काठाकडे तोंड करून बसायचे. डोंग्यात मेणकापडात बांधलेलं एक गाठोडं नेहमी असे. त्यात काय आहे विचारलं तर म्हणत, "साखळी हाय." दिवस मावळायला आला की समोरच्या घाटावर कुणीतरी उंच बांबूला कंदील टांगायचं, उतारूंना घाट कळावा म्हणून. तो लागला की भाऊ हलकेच म्हणायचे, "लागला," आणि डबा बंद करायचे. मग आम्ही ताईच्या घाटाकडे परत फिरायचो, आणि ताई माझ्या ताटाबरोबर माझीही कानउघाडणी गरम करून ठेवायची.

त्या घाटावरचं गाव कोणाचं, हे मला ठाऊक होतं. तिथे भाऊंची एकुलती मुलगी राहायची. तिच्यासाठी त्यांनी ऊर्जानगरला वीज केंद्राच्या क्वार्टरमधला नोकरदार मुलगा पाहून ठेवला होता. तिने त्या घाटावर नाव चालवणाऱ्याच्या मुलाशी, गावातल्या प्राथमिक शाळेच्या मास्तराशी लग्न केलं. त्या दिवशी भाऊ रागाच्या भरात बोलून गेले, तुझ्या गावच्या शिवेत मी पाय टाकणार नाही. दुसरा कुणी असता तर चार दिवसांनी विसरला असता. पण हे मोजणीदार. शीव नेमकी कुठून जाते हे त्यांना हातभर चूक न करता ठाऊक होतं. ती त्या बेटाच्या पलीकडच्या धारेतून जायची. म्हणून चार वर्षं ते शिवेच्या अलीकडे बसून चिवडा खात होते, आणि आई नसलेली ती मुलगी पलीकडे.

चौथ्या वर्षी पूर मोठा आला. पाणी ओसरल्यावर पहिल्यांदाच आम्ही गेलो तेव्हा बेट होतं तिथेच होतं. निदान मला तसं वाटलं. पोचेपर्यंत अंधारून आलं होतं, भाऊ डोंग्याला पाठ टेकून बसले. कंदील लागला. "लागला," भाऊ म्हणाले. मग तो कंदील बांबूवरून खाली उतरला आणि आमच्याकडे चालत येऊ लागला. दीपगृह चालताना पाहिलेली आपल्या घराण्यातली मी एकटीच.

भाऊ ताडकन उठले. समोर पाणी हवं होतं, तिथे कोरडी वाळू होती. पुराने मधली धार बुजवली होती आणि बेट त्या काठाला जोडून टाकलं होतं. नदी आता आमच्या पाठीमागून, डोंगा लावला होता त्या बाजूने वाहत होती.

"शीव धारेच्या मधोमध असते," भाऊ स्वतःशीच पुटपुटले. "अन् धार तं इकडे हाय. म्हणजे..."

"म्हणजे भाऊ, तुम्ही मघापासून तिच्याच गावात बसला आहात," मी म्हटलं.

ते डोंग्याकडे वळले. एक पाऊल पाण्यातही टाकलं. तेवढ्यात त्यांची मुलगी जवळ आली. धापा टाकत होती. तिने कंदील वाळूवर ठेवला.

"बाबा, शीव तुमच्या मांगं राह्यली. शपथ तं मोडली. आता काऊन पाण्यात उभे हाय? च्या पिऊन जा."

मग ती खाली पाहत म्हणाली, "दर वेळी डोंगा दिसे मले. कंदील सासरेबुवा लावत, पण त्या रविवारी मी लावू देत नव्हती त्याईले, मीच लावे."

भाऊंनी डोंग्यातून गाठोडं काढलं. साखळी नव्हती. हिरवं पातळ होतं, माहेरचं, चार वर्षं एकाच घडीत राहून घडीवर पिवळं पडलेलं. ते तिच्या हातात देऊन भाऊ गावाकडे निघाले, सवयीने पावलं मोजत. मी मागे होते, मला ऐकू येत होतं. छत्तीस, सदतीस, अडतीस. मग आवाज थांबला. पुन्हा एकपासून सुरू झाला आणि पुन्हा थांबला. भाऊंची मोजणी चुकलेली मी तेवढीच ऐकली.

पुढच्या पुरात ते बेट वाहून गेलं. भाऊंचं काही अडलं नाही. ते आता दर रविवारी पुलावरून, बसने, अगदी सरळ रस्त्याने मुलीकडे जायचे आणि वेळेवर पोचायचे. डोंगा अंगणात पालथा पडला. नुकसान झालं ते माझं. लिंबू हुंगत बसमधून ताईकडे जाताना मी पुलावरून खाली पाहायची. साहेब त्या वर्षी कुठे बदलून गेला, हे सांगायला कुणी नव्हतं.

भाऊ जाऊनही आता बराच काळ झाला. तुमच्या फोटोतलं दीपगृह मी भिंतीवर वेळापत्रकाशेजारी लावलं आहे. त्या वेळापत्रकात ओसरीचा दिवा सातला लावायचा असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. हल्ली मी तो साडेसहालाच लावते, कुणी वळसा घालून येत असेल तर त्याला घर कळावं म्हणून.