डावा हात गुडघ्यावर

रियाधला वेअरहाऊसबाहेर ट्रेलर रिकामा व्हायला पाच-पाच तास लाइनीत बसावं लागतं. तिथे चहाबरोबर दुसरं काय होणार, किस्सेच. आमच्या यार्डातले निम्मे किस्से इब्राहिमचाचांचे. मी सांगतो, लोक हसतात, आणि शेवट जवळ आला की माझ्याच्याने बोलवत नाही. तरी सांगतो.

*

चाचा श्रीवर्धनचे, मी म्हसळ्याचा. जेद्दा-रियाध लाइनवरचा चौदा नंबरचा ट्रेलर त्यांचा, आणि मी नवा म्हणून त्यांच्या बाजूला बसवलेला. पहिल्याच दिवशी बघतो तर गाडी एकदा हलली की चाचा क्लचला पायच लावत नाहीत! ॲक्सिलरेटर सोडायचा, गियर न्यूट्रलला, इंजिनाचा आवाज खाली येईपर्यंत दम धरायचा आणि दोन बोटांनी पुढचा गियर. धक्का नाही, काही नाही.

"चाचा, मला शिकवा."

"शिकवतो. पण घाई केलीस तर दात मोडतील. आधी गियरचे, मग तुझे."

*

त्यांनी इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या आरपीएमच्या काट्यावर लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, खोक्याचा पुठ्ठा चिकटवला. एसी बंद, काचा खाली. बाहेर नुसती भट्टी.

"चाचा, जीव जाईल माझा."

"कान उघडे ठेव. जाताना आवाज येईल, तोही ऐक."

आठ दिवस मी गियर खरवडले. एकदा चेकपोस्टवर असा करकरला की पोलीस केबिनमधून बाहेर आला. चाचांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "जदीद." म्हणजे नवा आहे. पोलिसाने इकाम्याचं ओळखपत्रसुद्धा न बघता हसत सोडलं.

नवव्या दिवशी गियर आपसूक आत गेला. चाचांनी एसी लावला.

*

उभी गाडी हलवताना मात्र क्लच लागतोच. तेव्हा चाचा डावा हात गुडघ्यावर ठेवायचे, बिस्मिल्ला म्हणायचे आणि दाबायचे. मला वाटलं, सगळी मेख इथेच आहे. मीही हात ठेवायला लागलो. माझं बघून बाकीचे. महिन्याभरात सात-आठ ड्रायव्हर डावा हात गुडघ्यावर ठेवल्याशिवाय यार्डाबाहेर पडेनात. एक फिलिपिनो तर बिस्मिल्लाही म्हणायचा.

चाचा तोंड फिरवून हसायचे. शेवटी एकदा मला म्हणाले, "अरे येड्या, गुडघा गेलाय माझा. हाताने ढकलल्याशिवाय क्लच खाली जात नाही. म्हणून तर ही बिनक्लचची विद्या." मग आवाज खाली आणून, "धाकट्या पोरीचं नर्सिंगचं एक वर्ष उरलंय. तेवढं ओढतो. कुणाला बोलू नको."

गुडघ्याचं मी कुणालाच बोललो नाही.

*

मेंटेनन्सचे भामरे साहेब नाशिकचे. एकदा वर्कशॉपमध्ये सहज म्हणाले, "सगळ्या गाड्यांच्या क्लच प्लेटा जातात, चौदा नंबरची का जात नाही?"

गप्प बसायचं ना! पण मराठी बोलणारा साहेब, त्यात माझ्या उस्तादाची गोष्ट. माझी जीभ सैल सुटली. "साहेब, चाचा क्लच वापरतच नाहीत!"

साहेब खूश. गुरुवारी सगळ्या ड्रायव्हरांना यार्डात जमवलं. "चाचा, आधी क्लच वापरून दाखवा, मग न वापरता. आणि डावा हात स्टिअरिंगवर हं. पोरांना गुडघ्यावर हात ठेवायची वाईट सवय लागलीय."

चाचांनी हात स्टिअरिंगवर ठेवला. क्लचवरचा पाय अर्धाच खाली गेला. गाडी आचका देऊन बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. कुणी हसलं नाही. चाचा दांडी धरून हळूहळू खाली उतरले, चावी साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाले, "खलास."

मग मेडिकल झालं, आणि मेडिकलनंतर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी. साहेबांचं काय चुकलं? चाळीस टनांची गाडी आहे. चूक माझ्या जिभेची. एअरपोर्टला मीच सोडायला गेलो होतो. माफी मागायची म्हणून वाटभर शब्द जुळवत होतो, आणि विचारलं काय, तर "चाचा, पाणी घेतलंत का?"

साहेबांना कुणी सांगितलं, ते चाचांनी कधीच विचारलं नाही.

*

सहा महिन्यांनी कंपनीने चौदा नंबर विकला. नवे ट्रेलर आले. सगळे ऑटोमॅटिक.

परवा चाचांचा व्हिडिओ कॉल आला. धाकटी शिकतेय अजून. फीचं कसं जमतंय हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. म्हणाले, "नवी गाडी दाखव." मी यार्डातच होतो. स्टिअरिंग दाखवलं, सीट दाखवली, मग फोन पायांकडे नेला. दोनच पेडल.

"क्लच नाही?"

"नाही, चाचा."

"बरं झालं," ते म्हणाले. मग एकदम, "आणि हा तुझा डावा हात कुठे आहे?"

मी बघितलं. गुडघ्यावरच होता.

चाचा हसले. म्हणाले, "हे साहेबांना सांगू नको."