टॉवरखालची खाट

फोन आला तेव्हा मी कोरीटला एका घराच्या गच्चीवर डिशचा नट आवळत होते. फोन मनोजचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. एरवी तो दोन वाक्यांत बोलणं संपवतो, त्या दिवशी एकातच संपवलं. "माय गई." खालून घरमालक विचारत होते, ताई, नेट आलं का? येतंय म्हटलं. नट आवळला, नेटच्या डब्याची बत्ती हिरवी झाली, मग खाली उतरून त्यांच्या ओट्यावर बसून रडले. काम अर्धं टाकून आले असते तर माय रागावल्या असत्या. यात कुणाला सुनेचं काळीज दगडाचं दिसत असेल तर त्यांनी खुशाल तसं म्हणावं.

माय म्हणजे माझ्या सासूबाई. घरात सगळे माय म्हणत, म्हणून मीही. त्यांना साखरेचं दुखणं जुनं होतं, टॉवर उभा राहायच्या कितीतरी आधीपासूनचं. शेवटी हृदय थकलं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं, आणि मायनी ते नीट समजून घेऊन दुसऱ्याच दिवशी जिलेबी मागवली होती. पण आमच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर बसायला येतात, आणि दारावर बसलेल्यांनी चहा व्हायच्या आत निकाल लावून टाकला. टॉवरनं खाल्ली म्हणे! म्हणून हा लेख. मी तो आठवणीत रमायला लिहीत नाही, भांडायला लिहिते आहे. मायना तेच आवडलं असतं.

टॉवर माझा. मी नंदुरबारची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून या गावात सून म्हणून आले. सारंगखेड्याच्या अलीकडचं हे तापीकाठचं गाव. केळी, कापूस, पपई सगळं होतं, नेट तेवढं नव्हतं. मुलं परीक्षेचा फॉर्म भरायला पाण्याच्या टाकीवर चढत. रेशनच्या मशीनवर म्हाताऱ्या माणसांचा अंगठा अडकून पडे. मी ठरवलं, वायरलेस इंटरनेटचा धंदा करायचा. नंदुरबारहून येणारा सिग्नल आमच्या गच्चीवर घ्यायचा आणि तिथून आसपासच्या गावांत घरोघरी डिश बसवून पोचवायचा. लायसन्ससाठी खेटरं झिजवणं, सामान आणणं, गच्च्यांवर चढणं, सगळं मी केलं. मोठ्या कंपन्यांना आमची गावं परवडत नव्हती. मला परवडत होती, कारण मी तिथंच राहत होते.

गच्ची मात्र मायची होती. उन्हाळाभर तिथं त्यांचं वाळवण असायचं… मिरच्या, कुरडया, उडदाचे पापड. टॉवरचे पाय आणि त्याला ताणून बांधलेल्या तारा यांनी निम्मी जागा खाल्ली. त्यांनी कुरडया सरकवल्या, तोंड वाकडं केलं, आणि त्याच ताणाच्या तारांवर लुगडी वाळत घालायला सुरुवात केली. मी ओरडले, की तार हलली तर सिग्नल जातो. त्या म्हणाल्या, मग तार घट्ट बांध. खरंच सैल होती ती.

मी बाहेर असले की ग्राहकांच्या तक्रारींचा वेगळा फोन घरीच राही, आणि हळूहळू मायच आमचं कस्टमर केअर झाल्या. मोठ्या कंपनीला फोन लावला की आधी गाणं ऐकू येतं. आमच्याकडे माय यायच्या. "तुन्हा डबानी बत्ती लाल शे का हिरवी?" एवढा एकच प्रश्न त्यांना येत होता आणि निम्मी दुखणी तेवढ्यात बरी होत. लाल म्हटलं की डबा बंद करून चालू करायला लावायच्या, हिरवी म्हटलं की, मंग आंगे कसाले येस, म्हणजे मग अंगावर कशाला येतोस, असं सुनावून फोन ठेवायच्या. तरी लोक पुन्हा त्यांनाच फोन करत.

मग पपईवर रोग आला. पानं आकसली, फळांवर गोल डाग पडले. आबांचा, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांचा, पपईचा अख्खा मळा गेला. माणूस हळहळेल असंच नुकसान होतं ते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या गावांत टॉवर नाही तिथंही तोच रोग होता, हे आबांना ऐकायचंच नव्हतं. मंदिरापुढे बैठक बसली. टॉवरच्या लहरींनी पीक जळलं, टॉवर उतरवा. आमच्या गच्चीवरचा टॉवर उतरला असता तर पुढची सगळी गावं बंद, म्हणजे माझा धंदाच बंद. मी कागद घेऊन गेले होते, लहरी किती, सरकारची मर्यादा किती. कोणी पाहिलेही नाहीत.

तेवढ्यात माय आल्या. जन्मात कधी पुरुषांच्या बैठकीत न आलेली बाई डोक्यावरचा पदर सारखा करून मधोमध उभी राहिली आणि दिराकडे बघून बोलली. "आजपाईन मन्ही खाट टॉवरखाले. माले काही व्हयनं ते उतारी टाका. तवलोंग कोनी हात लावाना नही." त्यांना काही झालं तरच टॉवर उतरणार, तोवर नाही. मोठ्या भावजयीपुढे आबा काय बोलणार? बैठक मोडली.

खाट खरंच वर गेली. उन्हाळ्यात त्या तिथं झोपत, हिवाळ्यात उन्हाला बसून लसूण सोलत. बायका काहीतरी निमित्त काढून वर यायच्या आणि केस गळाले का ते बघायच्या. मायना ते कळायचं. त्या अंबाडा सोडून केस मोकळे करायच्या आणि म्हणायच्या, मोजी ले. मी किती वेळा सांगितलं की खाली चला, आता कोणी काही म्हणत नाही. त्या उतरल्या नाहीत. पुढं पुढं मला वाटायला लागलं की त्यांना वरची हवाच आवडते, आणि टॉवर नुसतं निमित्त आहे… तसंही असेल.

दहाव्याला तापीवर गेलो. घाटावर बायका सहसा जात नाहीत, मी गेले. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात, मग घरच्यांनी एकेक वचन द्यायचं. मनोजनं म्हशी न विकण्याचं वचन दिलं. नणंदेनं भावाशी भांडणार नाही म्हणून सांगितलं. कावळे लांबच्या बाभळीवर बसून राहिले. तेव्हा आबा माझ्याकडे वळले. "टॉवर उतारसू म्हन, पोरी."

सगळा घाट माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, "नही उतारसू, आबा."

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. आबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की तिना जीव टॉवरमाच अटकेल शे. लोकांनी माना हलवल्या. मला रडू येत होतं आणि रागही आला होता, त्यातला राग आधी बाहेर पडला. "माय वर बठेल शे ना, आबा? मंग ज्याले टॉवर उतारना व्हई, त्यानी तिले इचारीसन वर चढानं."

त्याला आता काही आठवडे झाले. टॉवरकडे बोट दाखवून कोणी बोलत नाही. आबा आमच्या घरावरून जाताना मान वर न करता हात जोडतात. जोडू देत. ते पेपरात बाजारभावापलीकडे काही वाचत नाहीत, म्हणून पुढचं इथं लिहायला हरकत नाही.

टॉवरवर चढते ती मी एकटीच. कमरेला पट्टा बांधून थेट टोकापर्यंत. तिथून तापी दिसते, केळीचे मळे दिसतात, घराघरावरच्या आमच्या डिश दिसतात. साऱ्या गावाला वाटतं, माय वर आहेत. वर कोणी नसतं. हे फक्त मला माहीत आहे, आणि गावात मी ते कोणालाही सांगणार नाही.